पाण्याखालचा गळ

वाहरूचे डोळे गेले, पण तोरा काही गेला नाही. शिवण नदीच्या खडकावर उभं राहून बाणानं मासा टिपणारा त्याच्या तोडीचा माणूस धानोऱ्याच्या भिलाटीत दुसरा नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना ऐकवत असे. पन्नाशीत डोळ्यांवर धुकं उतरलं. उजेड कळे, समोर माणूस उभा आहे एवढं कळे, बाकी सगळं पुसट. चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यातल्या डॉक्टरनं बघून सांगितलं की डोळ्यांची नस वाळली आहे, याला औषध नाही.

घराचा भार त्याच्या बायकोवर, जसोदाबाईवर आला. ती सडकेच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. संध्याकाळी परतली की चुलीपुढे खोकत बसे, आणि तिच्या कमाईचा घास वाहरूच्या घशाखाली उतरत नसे.

"मी काय बसीसन खानारा मानूस शे का?" तो म्हणे. "तुनी खडी मी बंद करसू, देखजो."

"आधी मासासले तर इचारा," जसोदाबाई हसून म्हणे.

माशांचं वेड त्याला पुन्हा लावलं ते रेल्वेच्या पुलाच्या कामावरच्या गोऱ्या साहेबानं. वाहरू पूर्वी त्याला नदीतल्या जागा दाखवायला जाई. लढाईवर जायचा हुकूम आला तेव्हा साहेबानं आपली लवलवती काठी, दोरी आणि बारीक गळांची डबी वाहरूच्या हवाली केली, आणि जाण्याआधी आपली तऱ्हाही शिकवली.

तऱ्हा अजबच होती. नदीतल्या दगडांखाली जे किडे चिकटलेले असतात, तसा खोटा किडा गळावर बांधायचा, मोराच्या पिसाचे तंतू आणि वर तांब्याची तार गुंडाळून. प्रवाहाच्या वरच्या अंगाला तो टाकायचा आणि तळाच्या जवळून वाहत येऊ द्यायचा. मासा दिसत नाही, किडा दिसत नाही, दोरी तेवढी बोटांत. वाहता वाहता ती जराशी अडली की काठी वर उचलायची. साहेब मोडक्या हिंदीत बजावे, "देखना नहीं, सोचना नहीं. रुका, तो खींचो."

हे काम डोळ्यांचं नव्हतं, म्हणून वाहरूला वाटलं की देवानं दुसरं दार उघडलं. पण त्याचा सगळा जन्म उलट्या सवयीत गेला होता. श्वास रोखायचा, खात्री करायची आणि मगच बाण सोडायचा. दोरी अडली की तो विचारात पडे, दगड असेल की मासा? तेवढ्यात मासा तो खोटा किडा थुंकून मोकळा होई.

त्यात तो जिथं उभा राही ती जागा वाईट होती. धारेच्या खालच्या टोकाला करंजाची मुळं पाण्यात पसरली होती आणि गळ त्यांत अडकून तुटत. लढाईमुळे असले गळ नंदुरबारच्या बाजारातून नाहीसे झाले होते. एकेक गळ गेला की वाहरू काठी टाकून देई आणि डोकं धरून बसे. जसोदाबाईला ते बघवत नसे.

मग तिनं आपल्या मनानं एक उद्योग सुरू केला. सकाळी कामावर जायच्या आधी ती त्याला नदीवर आणून खडकावर उभं करी आणि "मी झाडखाले बसस," असं सांगून गुपचूप खाली जाई. कमरेएवढ्या पाण्यात मुळांपाशी उभी राही. दोरी तिच्याकडे वाहत आली की बोटानं अलगद उचलून मुळांच्या बाहेर काढून देई. दोरी क्षणभर अडे, वाहरू विचारात पडे, आणि तोवर गळ सुटलेला असे. पाण्याच्या खळखळाटात त्याला तिची चाहूलही लागत नसे.

"आज एक बी गय अटकना नही!" तो फुशारकी मारी. "हात बसना मन्हा."

हात खरंच बसू लागला होता. विचार कमी होत चालला होता, मनगट आपोआप उठू लागलं होतं. एका सकाळी कोपरापर्यंत लांब मासा त्यानं बाहेर काढला. त्या रात्री दोघांनी पोटभर खाल्लं, आणि वाहरूनं कितीतरी दिवसांनी तोंड उघडून हसून घेतलं. उरलेला मासा जसोदाबाईनं शेजारच्या दलसिंगला नेऊन दिला, तेही वाहरूचं नाव सांगून.

दुसऱ्या दिवशी दोरी मुळांजवळ आली आणि अडली. वाहरूनं विचार केला नाही. काठी सपकन वर गेली.

"मी शे, मी! वढू नका!"

गळ तिच्या अंगठ्याच्या बुडाशी, खोल रुतला होता. वाहरू चाचपडत पाण्यात शिरला. "तू पानीमां काय करी ऱ्हायनी?" आता लपवायला जागाच नव्हती. तिनं सगळं सांगितलं. आणि या माणसाला काय वाटावं? तिची कीव नाही, माया नाही, अपमान वाटला. इतके दिवस आपली बायको आपल्याला पोरासारखं खेळवत होती, एवढंच त्याला ऐकू आलं. त्यानं काठी खडकावर आपटून मोडली आणि तिच्याशी बोलणं टाकलं.

तिनं स्वतःच गळ उपसला, हळद दाबली, चिंधी बांधली आणि शेणामातीनं भरलेल्या सडकेवर खडी फोडायला गेली. घरात वाहरू भिंतीकडे तोंड करून बसे. ती ताट पुढे ठेवी, तो मुकाट्यानं जेवी. रोज तो मनाशी म्हणे, उद्या बोलू.

मग एका सकाळी तिची भाकर ताटात तशीच राहिली. जबडा उघडेना. दुपारी मान आखडली, पाठ कमानीसारखी वाकली. दलसिंगनं गाडी जुंपली, नंदुरबारहून रेल्वेनं तिला चिंचपाड्याला नेलं. डॉक्टरनं धनुर्वात म्हणून सांगितलं आणि जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. तिला अंधाऱ्या खोलीत ठेवलं.

"आवाज करू नका," सिस्टर वाहरूला म्हणाल्या. "बोलू नका, हातही लावू नका. जरा धक्का लागला की झटका येतो."

खाटेजवळ खाली बसायची तेवढी परवानगी मिळाली. अंधारात त्याला धुकंसुद्धा दिसत नव्हतं. जसोदाबाई हातभर अंतरावर होती आणि ती आहे हे कळायला त्याच्याजवळ तिच्या श्वासाशिवाय काही नव्हतं. मला राग नाही, एवढंच त्याला सांगायचं होतं. ते शब्द त्यानं दातांखाली दाबून धरले, कारण त्या शब्दांनीही तिची पाठ वाकली असती. स्वतःचे हात त्यानं मांड्यांखाली घालून ठेवले. खाट करकरली की त्याचा जीव उडे. पुढे करकर कमी झाली. तो सुखावला, तिला झोप लागली म्हणून.

दार उघडलं. सिस्टर आत आल्या, वाकल्या, तिची नाडी बघितली. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आता बोललात तरी चालेल. हातही लावा."

वाहरूनं मांड्यांखालचे हात बाहेर काढले.

"तिना हात," त्यानं विचारलं, "कोनता आंगले शे?"