मागचे पंख

शकुनने दाराकडे एकदा पाहिलं, प्रणालीच्या जाळीच्या पेटीत हात घातला आणि लिंबाळी फुलपाखराचे मागचे दोन्ही पंख कात्रीने उतरवले. पुढच्यांना हात लावला नाही. पेटीतल्या अंधुक उजेडात ते कोणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं.

दोघी अमरावतीला शेषराव सरांच्या हाताखाली संशोधन करत होत्या. शकुन थोरली; तिचा विषय चतुर या उडत्या किड्याचे पंख. प्रणाली मागाहून आली, मोर्शीच्या घरच्या संत्र्यावरच्या लिंबाळीच्या अळ्या डब्यात घालून. बेंगळुरूच्या परिषदेला सर एकीलाच नेणार होते, आणि उठता-बसता कौतुक प्रणालीचं. शकुनच्या पोटात दुखे. आज अकोल्याचे पाहुणे प्रणालीचं काम बघायला यायचे होते. त्यांच्यापुढे फुलपाखरू भदकन पडलं की झालं. चतुराचं बरंचसं बळ मागच्या रुंद पंखांत असतं. फुलपाखराचंही तसंच, असं शकुन धरून चालली होती.

पाहुण्यांपुढे प्रणालीने पेटी उघडली, पण ते पडलं नाही. खिडकीतून ऐटीत निघालं आणि बागेवरून सरळ गेलं. पाहुणे खूश झाले. शकुनचा नुसता जळफळाट झाला.

तेवढ्यात तारेवरचा कोतवाल पक्षी झेपावला. धडधाकट लिंबाळीने गिरकी घेऊन त्याला चकवलं असतं. हे सरळच उडत राहिलं आणि त्याच्या चोचीत गेलं.

उडताना त्याला मागचे पंख नव्हते, हे प्रणालीने हेरलं होतं. ती खिडकीपासून मागे फिरली आणि इकडेतिकडे शोधू लागली. शकुनच्या टेबलाखालच्या कचऱ्याच्या टोपलीत तिला तांबड्या ठिपक्याचे ते कापलेले पंख सापडले. ते तिने तळहातावर घेऊन सरांना दाखवले.

सर पंखांकडे बघतच राहिले.

"म्हणजे उडता येते, पण वळता येत नाही त्याले. हे कोणी करून पायलं?"

शकुनची मान खाली गेली.

"मी, सर," प्रणाली म्हणाली. "तुमाले सांगाचं राहून गेलं."

"मंग बेंगळुरूले हेच मांडजो."

शोध माझा आहे, असं शकुनच्या अगदी ओठांवर आलं. पण तो सांगायचा तर आधी कात्री कुठे चालवली ते सांगावं लागलं असतं.

सर पाहुण्यांकडे गेले. प्रणालीने दुसरी पेटी पुढे ओढली.

"शकुनताई, कात्री द्या न तुमची. एका फुलपाखरावर कोण भरोसा ठेवते?"

शकुनने एप्रनच्या खिशातून कात्री काढून दिली. पात्यांवर पंखांची पिवळी भुकटी तशीच होती.