कालव्यात दोनदा पडलेली हॅट

मित्रांनो, मी एक जुनी जांभळी हॅट आहे. माझा काठ वाकला आहे आणि पीस अर्धं तुटलं आहे. हे सगळं कामावर असताना झालं, म्हणून मला त्याची लाज वाटत नाही.

ल्यूटनच्या कारखान्यात बायकांनी मला वाफेवर आकार दिला. लंडनजवळच्या एका स्टुडिओने मला विकत घेतलं आणि मी एनिड होल्रॉइड या विनोदी नटीच्या डोक्यावर जाऊन बसले. एनिड हॅलिफॅक्सची, गिरणी कामगाराची मुलगी. अंगाने भरलेली, आवाजाने खणखणीत. तिला कायम भांडखोर घरमालकिणीची भूमिका मिळे. पडद्यावर ती जेमतेम चार मिनिटं दिसे, पण तेवढ्यासाठी लोक पुन्हा तिकीट काढत.

एकोणीसशे त्रेपन्नच्या फेब्रुवारीत कालव्याचा प्रसंग होता. भाडेकरू नायक तिला पाण्यात ढकलतो. बाहेर आल्यावर तिला एकच वाक्य होतं. निर्माते पेनफोल्ड यांनी त्या सकाळी ते खोडलं.

"जाड बाई पाण्यात पडली की लोक हसतात," ते म्हणाले. "तिने बोलायचं कशाला?"

"पडते की. पण मिठाची गुळणी धरून बसायचं, तर कालव्याचं पाणी गोडं आहे हो."

"हशा नायकाला मिळाला पाहिजे, मिस होल्रॉइड."

"मग त्यालाच पडू दे."

शेवटी ती पडली. वर आली, तेव्हा माझ्यातून शेवाळ लोंबत होतं. तिने मला सावकाश नायकाच्या बुटांवर पिळलं आणि म्हणाली, "माझी आंघोळ झाली. आता तुझं सामान काढते बाहेर."

दिवे धरणारेसुद्धा हसले. पेनफोल्डनी प्रसंग पुन्हा घ्यायला लावला. ती पुन्हा पडली आणि काळ्यानिळ्या ओठांनी तेच बोलली.

"परत बोललात तर या स्टुडिओत काम मिळणार नाही," ते म्हणाले.

"तिसऱ्यांदाही बोलेन. टॉवेल पुरतात का ते बघा."

उजेड उतरत होता, तिसऱ्यांदा प्रसंग घ्यायला वेळ नव्हता. वाक्य राहिलं, एनिडचं काम गेलं. ती मला घालूनच फाटकाकडे निघाली. रखवालदार म्हणाला, "बाई, हॅट स्टुडिओची आहे."

"मग काढून घे."

त्याने फाटक उघडलं.

तीन वर्षं आम्ही समुद्रकाठच्या गावांत खेळ केले. कधी प्रेक्षक तीसच असत, तरी ती तेवढ्याच जोरात बोले. मग दुसऱ्या निर्मात्यांनी बोलावलं, तेव्हा तिने आधी लिहून घेतलं की तिची वाक्यं कोणी खोडणार नाही.

पुढे तिचे गुडघे गेले आणि मी कपाटात पडले. कसर लागली. एकदा एक वार्ताहर घरी आला. "कधीच नायिका झाला नाहीत, खंत वाटते का?" त्याने विचारलं.

"कालव्याच्या त्या चित्रपटात नायिका कोण होती?"

त्याने बराच वेळ आठवून पाहिलं.

"राहू दे," एनिड म्हणाली. "चहा घे."

आता एनिड नाही. तिच्या भाचीने मला हॅलिफॅक्सच्या एका शाळेच्या नाटकमंडळाला दिलं. मुलं मला ओढतात, त्याची माझी तक्रार नाही. मित्रांनो, मला काचेआड ठेवू नका. वापरा, फाटले तर शिवा. आणि जी मुलगी मला डोक्यावर घालेल, तिला निदान एक वाक्य द्या. नाही दिलंत, तर ती घेईलच.