ताटातल्या सुपाऱ्या

पितळी ताट, त्यात सुपाऱ्या.

पिंपरीच्या निर्वासित वसाहतीतली एक बाई दूध घेताना अंबुबाईला रोज विचारते, "पाणी नाही ना घातलंस?"

दवंडीचं डफडं उन्हात तापवल्याशिवाय नीट वाजत नाही.

प्रांताच्या कचेरीतल्या नकाशात गायरान हिरवं. शेजारी जांभळ्या शाईची दौत.

"गावाला सांग, नेहमीसारखंच वागा."

हे शेवटचं वाक्य ज्योतीरामचं. अंबुबाईचा भाचा, आई गेल्यावर तिनेच वाढवलेला, आता प्रांताच्या कचेरीत कारकून. छपन्न सालच्या उन्हाळ्यात तो थेरगावच्या पलीकडे, पवनेकाठच्या आपल्या गावी आला आणि पिठलं-भाकरीचा घास मोडत म्हणाला, "मावशी, कारखान्यासाठी गायरान मागतायत. आजवर असला कागद तलाठी, मामलेदार, प्रांत असा वर्षानुवर्षं हिंडायचा. मी सुटसुटीत पद्धत बसवून दिलीय. सगळे साहेब एकाच दिवशी चावडीत येणार, गावाला विचारणार, तिथल्या तिथे निकाल. जमलं तर तालुकाभर हेच. मग मी अव्वल कारकून!"

"आनि गावाला नगं असलं तर?"

"गावाला सांग, नेहमीसारखंच वागा."

अंबुबाईचा जीव भांड्यात पडला. तिच्या म्हशी गायरानावर चरायच्या, म्हणून पिंपरीत दूध जायचं. गायरान गेलं की म्हशी गेल्या. तिने भाच्याच्या पिठल्यावर आणखी तेल सोडलं आणि संध्याकाळपर्यंत घरोघरी निरोप पोचवला.

नेहमीसारखं म्हणजे कसं, ते गावात कुणी कुणाला विचारत नसे. चावडीत मध्ये सुपाऱ्यांचं ताट ठेवायचं. पटलं तर सुपारी उचलून "व्हय" म्हणायचं. नाही पटलं तर गप्प बसायचं. तोंडावर नकार द्यायचा नाही. उद्या त्याच माणसाच्या विहिरीवर बैल पाजायचे असतात. ताट भरलेलं राहिलं की विषय मोडला. जुना तलाठी ताटावर नजर टाकायचा आणि "गाव राजी नाही" असं वर कळवून मोकळा व्हायचा.

दवंडी झाली. साहेब आले. दौलतराव पाटलांनी ताट मध्ये ठेवलं.

"कुणाची काही हरकत?" प्रांतसाहेबांनी विचारलं.

चावडी चिडीचूप.

"बघा, असेल तर बोला."

कुणी खाकरलंही नाही. शेजारचा बबनराव अंबुबाईच्या बाजूला झुकून पुटपुटला, "कसं गपगार बसलंय बघ गाव! सायबाला घाम फुटला."

साहेबांना खरंच घाम फुटला होता. त्यांनी तो पुसला, ताटातली एक सुपारी उचलून तोंडात टाकली आणि म्हणाले, "फार समंजस गाव आहे." मग कागदावर सही केली.

"येकट्या सायबानंच व्हय म्हनलं की रं!" बबनराव फिसकन हसला. बायकांनी तोंडाला पदर लावले. अंबुबाईही हसली.

साहेब जीपकडे गेले. ज्योतीराम कागदाची घडी घालत होता.

"मोडला न्हवं इषय?" तिने विचारलं.

"हरकत आली नाही मावशी. मंजूर झालं."

"आरं, गप बसलो की आमी!"

"नव्या पद्धतीत गप्प म्हणजे कबूल. नियमच तसा आहे."

"सायबाला ठावं नसंल. तुला हाय की! जा, सांग जा त्यास्नी."

ज्योतीरामने पेनाला टोपण लावलं. तिच्याकडे न बघता म्हणाला, "साहेब उन्हात थांबलेत."

तो गेला. तोवर दौलतरावांच्याही ध्यानात आलं. धोतर सावरत ते चावडीच्या पायऱ्या उतरले आणि जीपमागे धावत ओरडले, "न्हाई! न्हाई म्हंतोय आमी!" त्या गावात तो शब्द एवढ्या मोठ्याने पहिल्यांदाच निघाला. जीपच्या धुळीखेरीज तिथे ऐकायला कुणी नव्हतं.

अंबुबाई चावडीत एकटीच उरली. साहेबांनी उचललेल्या सुपारीची जागा ताटात तेवढी रिकामी दिसत होती.

ज्योतीराम सात वर्षांचा असताना, चावडीत माणसं गप्प का बसतात, हे त्याला मांडीवर घेऊन अंबुबाईनेच सांगितलं होतं.