पाट्यावरचं दही

मी पाटा बोलतोय. हळू बोलतो, कारण दगडाला घाई नसते. गोंदियाहून लहान रुळांची आगगाडी सुरू झाली, त्या साली एका पाथरवटाने मला घडवलं आणि तिरोड्याच्या बाजारात उन्हात मांडलं. मुर्री गावच्या उदारामने म्हैस पारखावी तशी माझी पाठ थोपटून पाहिली आणि मला बैलगाडीत घातलं.

त्याच्या घरात मी मिरच्या, लसूण, जवस वाटत राहिलो. त्याची बायको गेली, मग सून रुख्मा माझ्यापुढे बसू लागली. नवरा नागपूरला गिरणीत, घरात ती आणि सासरा. ती बोलायची कमी. राग आला की चटणी मात्र फार बारीक व्हायची.

उदारामला एक अभिमान होता. दह्याचा घास जिभेवर ठेवून तो सांगायचा, हे अमक्याच्या म्हशीचं. त्याला कोणी खोटं पाडत नसे, कारण म्हैस साक्षीला येत नाही.

एका पावसाळ्याच्या शेवटी गुरांना खुरीची साथ आली. पुष्कळ जनावरं गेली. गाव मारुतीच्या पारावर जमलं आणि उदारामनेच ठराव मांडला. दिवाळीपर्यंत कोणी गाई-म्हशीची धार काढायची नाही, उरलेली वासरं-रेडकं जगावीत म्हणून सगळं दूध त्यांना. जो काढेल, त्याच्या धानाच्या कापणीला गावातलं कोणी जाणार नाही.

ठराव करून तो घरी आला, पानावर बसला आणि दही नाही म्हणून उठला.

"मामाजी, दोन घास तरी खा," रुख्मा म्हणाली.

"दह्याबिगर भात उतरत नाही मले."

"ठराव तुमीच केला ना?"

"गावासाठी केला. माह्या जिभेले कोणी इचारलं?"

असे आठ-दहा दिवस गेले. मग ताप आला. खाटेवर म्हाताऱ्याची नुसती हाडं दिसू लागली. रुख्मा चुलीपुढे बसून डोळे पुसायची आणि धुराला बोल लावायची.

एक दिवस ती भिजवलेले शेंगदाणे वाटत होती. पाणी जास्त पडलं आणि माझ्या अंगावरून पांढरं, दाट असं काही ओघळलं. रुख्माचे हात थांबले. तिने बोट लावून चाखलं आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली.

मग तिने ते धोतराच्या धडप्यातून गाळलं, मंद आचेवर उकळलं, कोमट केलं. विरजण गावात कुठेच नव्हतं. तिच्या माहेरी अशा वेळी हिरव्या मिरचीचे देठ टाकत. तिने सहा देठ टाकले आणि गाडगं धानाच्या तणशीच्या ढिगात, उबेला दडवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी लागलं खरं, पण पातळ आणि तिखट. तो दोष माझा. जन्मभराच्या मिरच्या अंगात मुरलेल्या. तिने मला राखेने तीनदा घासलं. पहिल्यातलं चमचाभर विरजण घालून दुसरं गाडगं लावलं, ते घट्ट आलं.

तिने ते पानात वाढलं. म्हाताऱ्याने घास घेतला, डोळे मिटले.

"मले समजलं हे कोठचं आहे."

रुख्माचा चेहरा उतरला.

"मनिरामची भुरी म्हैस. चोरून धार काढून राहिला थो. वाढ आनखी."

रुख्माने तोंड उघडलं होतं, पण त्याने ताट पुढे केलं. तिने भात वाढला. पंधरा दिवस तो जेवला, तितके दिवस त्याचा न्यायही थांबला. पायांत बळ आलं तशी काठी घेऊन तो पारावर गेला आणि मनिरामचं नाव घेतलं.

मनिरामचं धान पिकून उभं होतं. माणसं आली नाहीत तर दाणा बांधीत, शेतातच झडणार. "माह्या रेडकाले इचारा," एवढंच तो पंचांना सांगत राहिला. त्याची बायको वच्छला आमच्या अंगणात येऊन रडली. ती गेल्यावर रुख्माने हात धुतले आणि पंचांना घरी बोलावलं. मनिरामही आला.

सगळ्यांसमोर तिने शेंगदाणे वाटले. पांढरी धार वाहिली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्यावर हात ठेवला.

"मामाजी, भुरी म्हैस हे आहे."

पंच पोट धरून हसले. उदाराम हसला नाही. रुख्मा त्याच्याकडेच पाहत होती. म्हातारा पुन्हा पानावरून उठेल, हीच तिला भीती.

तो घरात गेला आणि विळा घेऊन बाहेर आला.

"खोटं नाव मी घेतलं. मनिरामच्या बांधीत पयला इळा माहा." फाटकापाशी तो वळला. "रुखमे, दुपारचा भात दोघांचा धाड. दही कमी नोको करू."

दिवाळीनंतर घरात म्हशीचं दही लागलं. म्हातारा जेवत होता.

"मामाजी, कोणाच्या म्हशीचं?" रुख्माने विचारलं.

"वाढणारीले माहीत. मी कायले सांगू?"

आता मी म्हातारा झालो. मधोमध झिजलोय, छिन्नीने टाकी लावणारा पाथरवट दोन वर्षं फिरकला नाही, आणि वरवंट्यावर कोंबडी बसते. तुमच्या परसात माझा कोणी भाऊबंद पडला असेल, तर त्याला टाकी लावून घ्या. त्याच्या हातून काय काय होईल, हे त्याला स्वतःलाही अजून माहीत नसेल.