बंद दाराआडचा खोकला

"चाळीस वर्षं फुकट ऐकला तो खोकला. आता तिकीट काढून ऐकू?" आईनं पायात चपला सरकवत विचारलं.

"मग नको येऊस," अनघा म्हणाली.

"येतेय ना! वल्लरीवर लक्ष कोण ठेवणार?"

अनघाची वल्लरी सोळा वर्षांची होती. "आज्जी, जस्ट कम, लाह," ती लिफ्ट धरून इथल्या पोरांच्या इंग्रजीत ओरडली.

सिनेमाला जायला सेंगकांगहून एमआरटीच्या मेट्रोत बसल्यावर तिला आजोबांच्या खोकल्याची गोष्ट पुन्हा हवी झाली. अनघानं ती बाबांसारखीच सांगितली.

बाबा, म्हणजे निशिकांत, तेव्हा मद्रासला बँकेत नवेच लागले होते. लॉजमध्ये वरच्या खोलीत कुरुप नावाचे मल्याळी दिग्दर्शक राहत. त्यांच्या सिनेमातला म्हातारा घरधनी कधी दिसतच नाही. बंद दाराआडून नुसता खोकतो आणि सगळं घर त्या खोकल्यावर उठतं-बसतं. "ज्याची जरब बसवायची त्याला दाखवू नये," असं कुरुप म्हणत. नटांचे खोकले त्यांना खोटे वाटत. एका सकाळी खालच्या खोलीतला खोकला ऐकून त्यांनी तिथलं दार वाजवलं आणि तापानं फणफणलेल्या निशिकांतला स्टुडिओत नेलं. दिवसभर खोकवलं, मधूनमधून चहा पाजला. संध्याकाळी पाठीवर थाप मारून म्हणाले, "खोकला मराठी आहे, पण चालेल."

पुढे इकडे येऊन रॅफल्स प्लेसच्या कचेरीत हिशेब तपासण्यात बाबांचा जन्म गेला. पण घरी पाहुणे आले की छाती फुगायची. "आम्ही एकच सिनेमा केला. मुख्य भूमिका!"

"हो, आणि तालीम अजून चालू आहे," आई आतून म्हणायची.

चालूच होती. रात्री तो खोकला थांबला की आई म्हणे, "लागला डोळा," आणि मगच स्वयंपाकघरातला दिवा मालवी. फेब्रुवारीत बाबा गेले. तेव्हापासून तो दिवा रात्रभर जळतो.

सिनेमाची प्रत हरवली होती, ती अलीकडे सापडली. बाबांना काही तो पाहायला मिळाला नाही. सभागृहात खेळ सुरू होण्याआधी एका बाईंनी सांगितलं, की चित्र धुऊनपुसून घेतलंय आणि जिथे आवाज खराब झाला होता तिथे तो नव्यानं भरलाय.

अनघा खुर्चीत पुढे सरकली. दुसऱ्याच कुणाचा खोकला भरला असेल तर? आणि आपल्याला तो ओळखू तरी येईल का?

अंधार झाला. पडद्यावर एक लांब ओसरी, भात कांडणाऱ्या बायका, कुजबुज. मग दाराआडून एक कोरडी उबळ, आणि बायका चिडीचूप.

शेजारी खट्ट झालं. आईनं पर्समधली ज्येष्ठमधाची डबी उघडली होती. एक तुकडा चिमटीत धरून हात पुढे गेला आणि तसाच थांबला.

अनघानं पडद्यावरची नजर काढली नाही. वल्लरीनं मात्र तिचं कोपर घट्ट धरलं.

शेवटी सून गरम पाणी घेऊन दाराशी येते. आज खोकला नाही. ती उभीच राहते. पेल्यातली वाफ विरत जाते. मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका गिळला.

आईनं तुकडा डबीत ठेवला, झाकण लावलं.

"लागला डोळा," ती म्हणाली.

एवढ्यात सभागृहातले सगळे दिवे भगभगून लागले. टाळ्या सुरू झाल्या. आईच्या कपाळाला आठी पडली.

"इतक्यात कशाला लावले गं दिवे," ती पुटपुटली. "उठतील ना."