चोरलेली मिनिटं

बाइंडरकाकांनी आयुष्यात एकच चोरी केली, आणि तीही स्वतःच्या बायकोकडे. आता बायकोकडे माणूस काय चोरणार? काकांनी मिनिटं चोरली. आणि वर साळसूदपणे कागदावर खोटे आकडेही लिहिले.

त्याचं असं झालं. खाली दुकान, वर घर. खिळखिळी झालेली पुस्तकं दुकानात यायची आणि ठणठणीत होऊन जायची. पुठ्ठा कापणं, खळ लावणं, कव्हर चढवणं काकांचं, शिलाई काकूंची. दुमडलेल्या पानांची एकेक जुडी, तिला ते जुज म्हणत, लाकडी चौकटीवर ठेवायची आणि घडीतून दोरा ओवून खालच्या जुजेला बांधायची. तीस वर्षं काकूंनी हे काम असं केलं की जाणकार गिऱ्हाईक पुस्तक हातात आल्यावर आधी आतला दोरा बघायचं. मग दोन वर्षांपूर्वी पुठ्ठ्यांचा गठ्ठा उचलताना त्यांच्या उजव्या खांद्यामागे लचक भरली. महिन्या-दोन महिन्यांत जायची ती लचक, बाईसाहेब मुक्कामालाच आल्या!

फोटो काढले, रक्त तपासलं, मशीनच्या बोगद्यातून काकूंना आतबाहेर केलं. सगळं नॉर्मल. एका डॉक्टरनं गोळ्या दिल्या, दुसऱ्यानं पट्टा दिला. तिसरा म्हणाला, "काही नाहीये हो, मनाचे खेळ आहेत." त्या दिवशी काकू घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपल्या आणि काकांनी मनातल्या मनात त्या तिसऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तेव्हापासून काका बायकोला तळहातावरच्या फोडासारखं जपायला लागले. तिनं कप उचलला की हे धावले. तिनं खुर्ची सरकवली की हे ओरडले. "दुखतंय का गं?" हे तर उठता-बसता. शिलाईची कामं त्यांनी परत पाठवली आणि चौकटीवर जाड कापड टाकून ठेवलं, दिसून तिला वाईट वाटायला नको म्हणून. प्रेमात काही म्हणता काही कमी नाही. पण काकू दिवसेंदिवस गप्प होत गेल्या. "माझ्यामुळे किती त्रास तुम्हाला," एवढंच म्हणायच्या.

शेवटी कुणीतरी जुनाट दुखण्यांच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. बाई साठीच्या, बोलणं रोखठोक. त्यांनी खांदा दाबून पाहिला, हात वर-खाली करायला लावला आणि मग पाऊण तास नुसतं ऐकून घेतलं.

"दुखणं शंभर टक्के खरं आहे," त्या म्हणाल्या. काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "पण दुखतंय म्हणजे आत काही मोडतंय, असं मात्र नाही. इजा केव्हाच भरून आली. राखण करणाऱ्या नसा तेवढ्या घाबरून बसल्यात. साधा हात उचलला तरी बोंब मारतात. गोळी देते, पण ती एकटी पुरणार नाही. रोज थोडं थोडं काम करून त्यांना पटवावं लागेल, की बायांनो, काही होत नाही." मग त्या काकांकडे वळल्या. "दुखतंय का, असं दिवसातून किती वेळा विचारता?"

"मोजत नाही," काका अभिमानानं म्हणाले, "पण विसरत कधी नाही."

"आता विसरा. तुम्ही विचारलंत की त्यांचं सगळं ध्यान तिथंच जातं."

काकांना कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. शाबासकीच्या अपेक्षेनं आलेला माणूस तो!

ठरलं असं की काकूंनी रोज सकाळी दहा मिनिटं शिलाईला बसायचं आणि दर आठवड्याला एक मिनिट वाढवायचं. घंटी वाजली की बरं वाटत असलं तरी उठायचं, आणि थोडं दुखलं तरी घंटीपर्यंत बसायचं. रोजची मिनिटं आणि जुजा कागदावर लिहायच्या. काकांच्या हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून स्वयंपाकघरातला चावीचा टायमर लावायचं काम त्यांच्याकडे दिलं. मांजराला दुधाची राखण सांगितली म्हणा ना.

पहिल्याच दिवशी पाचव्या मिनिटाला काकूंच्या कपाळावर आठी आली. त्यांनी ओठ चावला. विचारायची तर बंदी! मागं उभ्या काकांचा जीव खालीवर व्हायला लागला. त्यांनी हळूच टायमरचं बटण पुढं फिरवलं. सातव्या मिनिटाला घंटी वाजली. काकूंनी सुटकेचा श्वास सोडला आणि काकांनी कागदावर लिहिलं, दहा.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सरळ सातवरच लावायला सुरुवात केली. भिंतीवरचं घड्याळ 'सेल संपलाय' म्हणून उतरवून ठेवलं. पुढच्या आठवड्यात अकरा लिहिले, त्याच्या पुढच्या आठवड्यात बारा. प्रत्यक्षात सातच्या सात.

सातव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं ओढला. "मिनिटं सोळापर्यंत आली, झकास. पण जुजा? पहिल्या दिवशी सहा आणि कालही सहाच?"

काकूंनी मान खाली घातली. "मला कळलंय ते, मॅडम. माझे हातच गेलेत. पूर्वी सोळा मिनिटांत मी चौदा-पंधरा जुजा सहज ओवायचे." मग त्या काकांकडे न बघताच म्हणाल्या, "अहो, ती चौकट कुणाला तरी देऊन टाका. दुखतंय ते परवडलं, दुखत दुखत केलं असतं मी. पण हातच चालत नसतील तर कशाला? उद्यापासून नको."

रडल्या असत्या तर काकांनी समजूत घातली असती. पण त्या अगदी शांतपणे बोलल्या. काकांनी नुसतं तोंड मिटून बसायचं की झालं. बायको पुन्हा कधी चौकटीला हात लावणार नाही, तिला कसला त्रास होणार नाही. दोन वर्षं त्यांना हेच तर हवं होतं. आता ते समोर खुर्चीत बसलं होतं, खांदे पाडून, आणि काकांना ते बघवेना.

"सात," ते म्हणाले.

"काय सात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मिनिटं. रोज सातच लावत होतो. बाकीची मी... नुसती लिहिली."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. काकू नवऱ्याकडे बघतच राहिल्या.

"सात मिनिटांत सहा जुजा, त्याही दुखऱ्या खांद्यानं!" डॉक्टरीणबाई काकूंना म्हणाल्या. "हात कुठेही गेलेले नाहीत तुमचे. उद्यापासून खरी आठ मिनिटं. आणि टायमर तुमच्या ताब्यात."

घरी येईपर्यंत बसमध्ये काका चार वेळा "चुकलो" म्हणाले. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. दुकानाचं दार लागलं आणि त्या वळल्या.

"सात आठवडे मी माझ्या हातांना शिव्या दिल्या! सात आठवडे! मला दुखलं की तुम्हाला बघवत नाही, हे मला कळत नाही का? पण तुम्हाला बघवत नाही म्हणून मी काही करायचंच नाही?"

"मला वाटलं, तुला काहीतरी होईल."

"तीन मिनिटं जास्त दुखलं म्हणून मी मरत नव्हते हो! तुम्ही त्या चौकटीवर कापड टाकलंत ना, तेव्हा अर्धी मेले होते."

काका पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर मटकन बसले.

सकाळी काकूंनी स्वतः आठ मिनिटं लावली आणि सुईत दोरा ओवला. काका पलीकडच्या टेबलाशी खळीचं भांडं घेऊन उभे. पाचव्या मिनिटाला आठी आली. सहाव्या जुजेत काकूंचा हात थांबला, त्यांनी डोळे मिटून एक लांब श्वास घेतला आणि दोरा ओढला. 'दुखतंय का' हे शब्द काकांच्या अगदी जिभेवर आले होते, ते त्यांनी कसेबसे गिळले.

गिळता गिळता त्यांची नजर चौकटीवर गेली. चौथ्या जुजेचा दोरा सैल होता. आता आली का पंचाईत! दोन वर्षं तिनं काहीही केलं तरी ते "वा, छान" म्हणत आले होते. दुखणाइताला दुसरं काय म्हणणार? त्यांनी घसा खाकरला.

"चौथीचा टाका ढिला आहे," काका म्हणाले. "वर्षभरात पानं सुटतील. उसव तो."

काकूंनी वर बघितलं. काकांनी भांडं घट्ट धरलं. काकू वाकल्या, बोटानं दोरा चाचपला. आणि काय सांगावं, त्यांचा चेहरा असा उजळला की दोन वर्षांत काकांनी तसा पाहिलाच नव्हता.

"खरंच की," त्या म्हणाल्या आणि वरच्या दोन जुजांसकट चौथी भराभरा उसवायला लागल्या. मग मान वर न करताच म्हणाल्या, "आणि माझा टाका बघताय, तुमची खळ बघा आधी. गुठळ्या झाल्यात नुसत्या."

काका खाली बसून खळ ढवळायला लागले. घंटी वाजली तेव्हा चौकटीवर चारच जुजा होत्या. काकूंनी कागद ओढला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: मिनिटं आठ, जुजा चार.