रेडिओवरचं अर्धं राहिलेलं कीर्तन

या मंडळी, असं जवळ सरका. मागं टेकायला भिंत शोधू नका, टेकलं की डोळा लागतो. आज तुम्हाला कीर्तनकाराच्या मागं बसणाऱ्या माणसाची गोष्ट सांगायची आहे. त्याच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून आज मुद्दाम त्याच्याकडंच बघा. गोष्ट थोडी जिवाला लागेल, पण मध्येच उठायचं नाही.

सोलापुरात मंगळवार पेठेत गुरुसिद्धप्पा म्हणून पेंडीचे व्यापारी होते. सन अडतीसच्या माघात त्यांनी दुकानावरच्या माडीत रेडिओ आणला. छपरावर दोन वेळू रोवून मध्ये तार ताणली, खाली मोटारीची बॅटरी ठेवली आणि सगळ्या पेठेला वर्दी दिली, की येत्या गुरुवारी आपल्या वेणीमाधवबुवांचं कीर्तन मुंबईहून ऐकू येणार, सायंकाळी सव्वासहाला. त्या दिवसाचे सगळे कार्यक्रम वर्तमानपत्रात छापून आले होते. ते कात्रण अप्पांनी खळ लावून भिंतीवर चिकटवलं.

कीर्तन सव्वासहाला, पण बुवांचा तबलजी कुंडलिक गुरव सकाळी आठालाच येऊन बसला.

"कुंडलिका, अरे आत्ता सनई लागलीय," अप्पा म्हणाले. "अजून दहा तास आहेत. दुकानात बसून चहा तरी घे."

"असू द्या अप्पा. हितंच बरं हाय."

बरं कसलं! तो दहा तास आधी का येऊन बसला होता, हे सोलापुरात त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

मोडनिंबच्या देवळातला हा गुरवाचा मुलगा वीस वर्षांमागं बुवांच्या मागं तबला घेऊन बसला तो बसलाच. बुवांची चाल, बुवांची नजर, आख्यानात कुठं हसवणार, कुठं रडवणार, सगळं त्याच्या बोटांना पाठ. गेल्या वर्षी पौषात, होटगीच्या कीर्तनात, बुवांचा श्वास एकाएकी अडकला. तोंड उघडं, शब्द नाही. कुंडलिकाच्या ध्यानात आलं आणि त्यानं द्रुत लयीत अशी काही बरसात केली, की मंडळींना वाटलं, बुवांनी आज तबलजीला मोकळं रान दिलं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात बुवांचा दम परतला आणि आख्यान पुढं चालू झालं.

त्या रात्री बुवांनी त्याला तबल्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. "घरात कळता कामा नये, कुंडलिक. हिला कळलं तर मला उभं राहू देणार नाही. मी गुरूंना शब्द दिलाय, श्वास आहे तोवर कीर्तन."

तेव्हापासून दोघांत एक खूण ठरली. छाती भरून आली की बुवा उपरणं या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकायचे, आणि कुंडलिकाचा हात सुटायचा. लोक म्हणायला लागले, अलीकडं कुंडलिकाचा हात काय चालतो हो! खोटं कशाला बोला, हे त्याला गोडही लागलं होतं. वीस वर्षं ज्याच्याकडं कुणी बघितलं नव्हतं, त्याच्या गळ्यात आता कीर्तनानंतर हार पडायचा.

मग मुंबईच्या रेडिओ केंद्राचं पत्र आलं. बुवांनी एकट्यानं यावं, साथीला वादक केंद्रावर आहेत. बुवा म्हणाले, "तू चल. मी सांगतो त्यांना." पण कुंडलिकाच्या मनाला ते पत्र झोंबलं. "त्यांचं तबलजी हायत की," तो म्हणाला. "आमची काय गरज?" आणि बुवा गेले त्या दिवशी तो स्टेशनावर पोचवायलाही गेला नाही. गाडी सुटल्यावर त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की मुंबईच्या तबलजीला उपरण्याची खूण कोण सांगणार?

म्हणून तो सकाळपासून त्या रेडिओसमोर बसला होता.

दिवसा आवाज बारीक यायचा, मध्येच तळणाच्या कढईसारखा चरचरायचा. सनई झाली. बातम्या झाल्या. मग कापसाचे भाव आले, तेव्हा दुकानातले चार व्यापारी जिना चढून वर आले, भाव ऐकून तोंडं वाकडी करून खाली गेले. मग बाहेर गिरणीचा दुपारचा भोंगा झाला, मुंबईचं केंद्र बंद होऊन रेडिओ दोन तास मुका झाला, कुंडलिक जागचा हलला नाही. दुपारी बायकांसाठी कुणी बाई लोणच्याची कृती सांगू लागल्या. त्याच वेळी सोजरबाई माळीण डोक्यावर फुलांची पाटी घेऊन वर आली. बुवांच्या कीर्तनात पहिल्या ओळीत बसण्याचा तिचा हक्क होता, आणि तो मुंबईच्या कीर्तनालाही लागू आहे असं तिनं ठरवून टाकलं होतं.

"ह्यी बया मोहरी लई घालती," सोजरबाईनं निकाल दिला. "कडू व्हईल की."

लोणचं मुरायच्या आत ख्याल सुरू झाला. सोजरबाईनं बराच वेळ ऐकून घेतलं. "ह्यो बाबा एकाच ओळीला धरून बसलाय. म्होरं जाईना, मागं येईना. कुंडलिक, तुला तरी कळतंय का रं?"

"कळतंय, मावशे."

"मग तोंड असं का केलंस, सुतक असल्यावानी?"

त्यानं भिंतीवरच्या कात्रणाकडं बघितलं. मग हिवतापावर कुणा डॉक्टरांचं व्याख्यान झालं, मग मुलांसाठी माकडाची गोष्ट. कुंडलिकाला त्यातलं काही ऐकू गेलं नाही. एक कार्यक्रम संपला की त्याला वाटायचं, आता लोक धावत येऊन सांगतील, की बुवांनी निरोप पाठवलाय, प्रकृती बरी नाही, कीर्तन होणार नाही. तसं झालं तर बरं, असंही वाटायचं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटायची.

पाचाच्या पुढं माडी भरली. सतरंज्या अंथरल्या. रेडिओ चौरंगावर होता, आणि त्याच्यापुढची हातभर जागा कुणी न सांगता मंडळींनी मोकळी सोडली, कारण कीर्तनात ती बुवांच्या पावलांची जागा. सोजरबाईनं शेवंतीचा हार काढला आणि रेडिओला घालू लागली.

"अय्यो, पाणी जाईल की आत!" अप्पा धावले.

"बुवांच्या गळ्यात घालताना पानी कुटं आत जातंय?"

शेवटी हार चौरंगाच्या पायाला बांधण्यावर तह झाला. आतल्या खोलीच्या दाराशी बायकांच्या पुढं बुवांच्या पत्नी गोदावरीबाई येऊन बसल्या. नऊवारी नीट चोपून नेसलेल्या, चेहऱ्यावर लाज आणि आनंद दोन्ही. त्यांनी कुंडलिकाकडं बघून हसून मान हलवली. त्यानं खाली बघितलं.

सव्वासहाला बुवांचा आवाज आला.

काय सांगू मंडळी! अडीचशे मैलांवरचा तो आवाज माडीत आला आणि सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले. नमन झालं. निरूपण झालं. कुंडलिक मात्र डोळे मिटून शब्दांच्या मधला श्वास ऐकत होता. एकदा बुवांनी तोंड फिरवून खोकल्यासारखं केलं. एकदा ओळ जिथं लांबवतात तिथं आखूड तोडली. मुंबईचा तबलजी चांगला होता, सरळ, स्वच्छ ठेका धरणारा. पण त्याला काय माहीत?

मग बुवांनी आख्यान लावलं, आणि कुंडलिकानं खाडकन डोळे उघडले. मगरीनं पाय धरलेल्या हत्तीचं आख्यान! त्यात हत्ती सोंड वर करून देवाला हाक मारतो, ती हाक बुवा एका दमात अशी चढवत नेत, की ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा. गेले सहा महिने कुंडलिकानं त्यांना ते लावू दिलं नव्हतं.

"पाणी छातीला लागलं," बुवा सांगत होते. "बळ संपलं, आप्त निघून गेले. मग त्यानं सोंडेत एक कमळ धरलं, सोंड वर केली, आणि..."

आणि आवाज थांबला.

ठेका चालू होता. एक आवर्तन गेलं. दुसरं गेलं. कुंडलिकाची बोटं मांडीवर नाचू लागली, त्याला कळलंही नाही. सोड हात, बाबा, सोड, खूण झालीय! पण मुंबईच्या त्या भल्या माणसाला वाटलं असणार, बुवांना शांतता हवीय. त्यानं ठेकाही थांबवला.

माडीतली मंडळी रेडिओकडं वाकली.

"बघा," सोजरबाई पदरानं डोळे पुसत पुटपुटली, "हत्तीचा दम सरला. साक्षात उबा केला हत्ती."

"खरंय, खरंय," मंडळी माना डोलवू लागली. बुवांनी असा अभिनय कधीच केला नव्हता, असं एकजण म्हणाला. कुंडलिकाला ओरडावंसं वाटलं. पण शपथ आडवी आली.

रेडिओत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. कुणाचं तरी बोलणं, लांबून. मग सगळं बंद. मग एका अनोळखी माणसानं सांगितलं, की काही कारणानं कीर्तन इथंच थांबवत आहोत. आणि इंग्रजी बँडची तबकडी लागली.

"आरतीबगार?" सोजरबाई उठून उभी राहिली. "आरती न्हाय आन् बाजा वाजिवतात?"

अप्पा बटण पिळू लागले, कुणी छपरावर तार बघायला धावला, जो तो रेडिओकडं बघत होता. एकटा कुंडलिक जमिनीकडं बघत होता. आणि गोदावरीबाई त्याच्याकडं.

त्या उठल्या, पुरुषांमधून वाट काढत आल्या, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"कुंडलिक, तुला नवल वाटलं नाही."

"वैनी..."

"सगळ्यांना वाटलं, तुला नाही वाटलं. काय झालंय त्यांना?"

शपथ तबल्यावर हात ठेवून घेतली होती. तबला घरी होता, पण हात तर बरोबर होता. त्यानं ते दोन्ही हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं. होटगी, खूण, वर्षभराच्या टाळ्या, सगळं. बँड वाजतच होता. अप्पांनी तो बंद केला.

गोदावरीबाई रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर त्याला सोसलं असतं.

"मी पहिल्या ओळीच्या मागं बसून तुझं कौतुक करत होते," त्या म्हणाल्या. "घरी येऊन त्यांना सांगत होते, आज कुंडलिकानं काय वाजवलं! आणि ते हसायचे. माझ्या नवऱ्याचं दुखणं तू माझ्यासमोर वाजवलंस रे, आणि मला टाळ्या वाजवायला लावल्यास."

सोजरबाईनं त्यांचा हात धरला. "वैनी, बोलनं मागनं. आदी गाडी."

अप्पांनी टांगा आणवला. त्याच रात्रीच्या गाडीनं गोदावरीबाई आणि कुंडलिक निघाले. ती सबंध वाट त्या त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

बुवा जिवंत होते. केंद्रावरच्या लोकांनी त्यांना तातडीनं दवाखान्यात पोचवलं होतं. लोखंडी खाटेवर उशांना टेकून बसलेले, ओठ काळपट, डोळे मिटलेले. कुंडलिक दाराशीच थांबला. बुवांनी डोळे उघडून आधी पत्नीला पाहिलं, मग त्याला, आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

पारशी डॉक्टर आले. विचारू लागले, हा त्रास कधीपासून, किती वेळा, किती वेळ टिकतो?

"असं काही नव्हतं," बुवा भिंतीकडं बघत म्हणाले. "प्रवासाचा शीण."

गोदावरीबाई काय सांगणार? त्यांना ठाऊकच नव्हतं. डॉक्टरांनी खांदे उडवले. "माहीत नाय तर दवा कसा देऊ, बाई?"

तेव्हा कुंडलिक दारातून आत आला.

"मला ठावं हाय, डाक्टरसायेब. मागल्या सालच्या पौषात, होटगीला, पयल्यांदा. आठ मात्रा. कीर्तनात एकदाच. चैतात सोळा मात्रा, दोनदा. श्रावणात पायऱ्या चढून आल्यावर उब्या उब्या, तवा चोवीस. दिवाळीनंतर बत्तीस, आन् कीर्तनात चारदा, पाचदा. गेल्या म्हैन्यात सांगोल्याला अठ्ठेचाळीस झाल्या. मला वाटलं आता दम येतच न्हाय."

"मात्रा म्हंजे किती?"

कुंडलिकानं खाटेच्या लोखंडी दांडीवर बोट टेकवलं आणि बुवांच्या कीर्तनाच्या लयीत हळूहळू मात्रा दिल्या. डॉक्टरांनी खिशातलं घड्याळ काढलं. आठ म्हणजे पाच सेकंद. अठ्ठेचाळीस म्हणजे तीस. ते खाली बसले आणि कागद मागवून एकेक लिहून घेऊ लागले. महिना, गाव, किती मात्रा, त्या आधी बुवा चालले होते का, जेवले होते का. कुंडलिक सांगत गेला. एकही कीर्तन चुकलं नाही.

खाटेवरून हळू आवाज आला. "तू मोजत होतास?"

"मी दुसरं काय करनार, बुवा? तबलजी हाय मी."

बुवांनी तोंड इकडं वळवलं. बराच वेळ ते त्याच्या त्या बोटाकडं बघत राहिले. मग गोदावरीबाईंना म्हणाले, "इतकं वाढलं होतं, हे मला माहीत नव्हतं गं. मला दर वेळी वाटायचं, आत्ताच तर थांबलो." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

गोदावरीबाईंनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि माडीवरच्या त्या बोलण्यानंतर पहिल्यांदा त्याच्याशी बोलल्या. "बस कुंडलिक. सकाळपासून उभा आहेस."

बुवा त्यानंतर चार वर्षं होते. उभं राहून कीर्तन मात्र पुन्हा झालं नाही. घरीच चार माणसांत बसून बोलायचे, आणि गावी मोडनिंबला परतलेला कुंडलिक दर एकादशीला यायचा तो तबल्याशिवाय. शपथ मोडल्याचं त्याला शेवटपर्यंत खुपत होतं, आणि वर्षभर पाळल्याचं त्याहून जास्त.

तर मंडळी, आता कधी कीर्तनाला बसलात, बुवा रंगात आले, तुमचे डोळे भरून आले, तर नमस्कार जरूर बुवांना करा. पण त्यांच्या मागं, समईच्या उजेडाच्या पलीकडं, खाली मान घालून कुणी बसलेला असेल, त्याच्याकडं एकदा बघा आणि आमच्या कुंडलिक गुरवाची आठवण काढा. एवढंच मागणं आहे.